माहेरची म्हैस

“डॉक्टर, म्हशीच्या कासंत गाठ झाली तर काय करत्यात?”

वच्छाक्का मगदूमनं हे विचारलं तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती. डेअरीच्या दारातल्या नळाखाली ती आपली किटली उगाचच दुसऱ्यांदा विसळत होती. बाकीच्या बायका दूध घालून केव्हाच घरी गेल्या होत्या, आणि मी मोटरसायकलला किक मारायच्या बेतात होतो.

“गाठ गरम लागते का?” मी विचारलं.

“न्हाई. थंड हाय.”

“सूज? हात लावला की लाथ झाडते?”

“न्हाई वं. दुखतच न्हाई.”

“दुधात गुठळ्या?”

“दुधाचं काय न्हाई,” असं काहीतरी पुटपुटली आणि किटली पालथी घातली.

“बरं, येतो दुपारी. बघूनच सांगतो.”

“नगं, नगं. एवढं काय न्हाई,” म्हणत ती पदर सावरून चालूही लागली.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी तळेवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मी होतो. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, गावात तोंडावर डॉक्टर आणि माझी पाठ वळली की ढोरांचा डॉक्टर. तिशी नुकतीच गाठलेली, अंगात हौस उतू जात होती. गावातली माणसं मला नावानिशी ठाऊक नव्हती, पण म्हशी सगळ्या ठाऊक होत्या. वच्छाक्काची चंद्री तर गावात नावाजलेली. कपाळावर पांढरा चांद, शिंगं मागं वळलेली आणि स्वभाव महाराणीचा. अशा म्हशीला गाठ झाली आणि मी गेलो नाही, असं कसं होईल? दुपारी मी मगदुमांच्या गोठ्यात हजर झालो.

वच्छाक्का एकटीच होती. मला बघून तिचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार? तिनं चंद्रीच्या मानेखाली खाजवायला सुरुवात केली, कारण ती जवळ नसली तर ही म्हैस कुणालाच कासेला हात लावू देत नसे. मी खाली बसलो. एकेक सड चाचपला, वरपर्यंत हात फिरवला. कास लोण्यासारखी मऊ. सकाळीच पोटभर दूध देऊन चंद्री सुखानं रवंथ करत उभी.

“कुठाय गाठ, आक्का?”

“ही न्हवं.”

“तुमच्याकडं एकच तर म्हैस आहे.”

“म्हायेरची,” ती म्हणाली. “म्हायेरच्या म्हशीला झालीया.”

मला हसू आलं. “आता माहेरच्या म्हशीला मी इथनं कसा हात लावू? तिकडच्या डॉक्टरला दाखवा की.”

“तिकडचा नगं. तुमीच सांगा काय करायचं ते.”

“बरं. आत्ता काय लावताय तिला?”

“तुमी सांगिटल्यालंच की. कोरफड, हळद, चुना. वाटून लेप द्यायचा. वर इटंचा शेक.”

ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आदल्या वर्षी डेअरीच्या पटांगणात मी बायकांचा एक वर्ग घेतला होता. कासेची दगडी, म्हणजे कास सुजून दुखण्याचा रोग, कसा ओळखायचा, लेप कसा करायचा. वच्छाक्काच्याच चंद्रीला मधोमध उभी करून मी बायकांना एकेक करून कासेला हात लावायला लावला होता, आणि चंद्रीनंही आक्का समोर होती म्हणून लावू दिला होता. बायकांनी ते शब्दन् शब्द लक्षात ठेवलं होतं. फक्त शेक मी सांगितला नव्हता, तो तिच्या पदरचा होता.

“कधीपासनं लावताय?”

“गौरी गेल्यापासनं.”

दिवाळी होऊन गेली होती. “इतके दिवस? मग फरक?”

“कातडं सोललं,” ती म्हणाली. “गाठ हाय तशी हाय.”

बोलता बोलता तिनं खुंटीवरची बादली काढायला डावा हात वर केला. अर्ध्यातच थांबली, ओठ आवळले आणि उजव्या हातानं बादली काढली. तेवढ्यात मला दिसलं. तिच्या चोळीला डाव्या काखेखाली हळदीचा मोठा डाग होता. जुन्या डागावर नवा. कोरफडीचा कडवट वास मघापासून येत होता, तो मी चंद्रीचा समजत होतो. चंद्रीची कास तर स्वच्छ होती.



अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. इथं तर डॉक्टरही ढोरांचा. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणायचो. दुखण्याचं नाव घेऊन विचारलं असतं तर ती उठून घरात गेली असती आणि पुन्हा माझ्यासमोर आली नसती. गप्प बसलो असतो तर ती कोरफड वाटत राहिली असती. पुरात सापडलेला माणूस म्हशीचं शेपूट धरून पार होतो. मीही म्हशीचंच शेपूट धरलं.

“आक्का, त्या म्हशीचं वय काय असेल?”

“झालंय आता. जाणती हाय.”

“तिच्या आईला असं काही झालं होतं का? किंवा मावशीला?”

वच्छाक्काचा हात चंद्रीच्या मानेवर थांबला. म्हशीच्या मावशीची चौकशी कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरनं आजवर केली नसेल. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. मी मान खाली घालून हात धुवायला लागलो.

“आईचं ठाव न्हाई,” मग ती हळू म्हणाली. “ती लवकर गेली. मावशीला काय न्हवतं.”

म्हणजे मला कळलंय हे तिला कळलं, आणि तरीही ती उठून गेली नाही.

“शाळेत ते शिबिर झालं, त्याला तुम्ही होता ना?” मी विचारलं.

शिबिर मीही बघितलं होतं. शहरातनं डॉक्टर आले होते, चांगले सज्जन गृहस्थ. पडद्यावर चित्रं दाखवली, तळमळून बोलले. पण गावाच्या रीतीप्रमाणं पुढच्या सतरंजीवर पुरुष बसलेले आणि बायका मागं, दाराबाहेरच्या व्हरांड्यात. डॉक्टरांनी ‘स्तनांचे स्वयंपरीक्षण’ म्हटलं तेव्हा पुढं बसलेले कारभारी छताकडं बघायला लागले आणि मागं बायकांनी तोंडाला पदर लावले. प्रश्न कुणीच विचारला नाही. वाटलेल्या कागदांनी पुढं कितीतरी दिवस डेअरीत किटल्या झाकून येत होत्या.

“व्हते की,” वच्छाक्का म्हणाली. “काय कळलं न्हाई. पर फोटो बगिटला. त्या बाईचं लई चिघळल्यालं. फुटल्यालं. माजं तसं...” ती थांबली. “म्हशीचं तसं न्हाई. वरनं काय सुदीक दिसत न्हाई.”

“आक्का, नीट ऐका. मी तुम्हाला दगडी शिकवली. दगडी कशी असते?”

“तापती. लाल हुती. हात लावू देत न्हाई.”

“आणि ही?”

तिनं पदर डाव्या खांद्यावरनं पुढं ओढला.

“जी तापत नाही, दुखत नाही, आणि तरी जात नाही, ती दगडी नव्हे. तिला माझा लेप चालत नाही. नुसतं कातडं जळतं. तो फोटो बघितलात ना, तो फार उशीर झाल्यानंतरचा. सुरुवातीला तिचीही अशीच असणार. थंड आणि मुकी.”

“म्हंजे त्योच रोग म्हना की.”

“तसं मी म्हणत नाही. गाठी पुष्कळ तऱ्हेच्या असतात, बऱ्याचशा साध्याच निघतात. पण साधी कुठली आणि वाईट कुठली हे हाताला कळत नाही. माझ्याही नाही, तुमच्याही नाही. कोल्हापूरला नेऊन तिचा बारका तुकडा तपासावा लागतो.”

“चाकू लावायचा?” तिचा आवाज एकदम चढला. “चाकू लागला की पसरतंय ते. पल्याडच्या वाडीतल्या तानूबाईला लावला चाकू. शिमग्याला नेली, आखाडात गेली.”

ही तानूबाई मला सगळ्या पंचक्रोशीत भेटत असे. दर गावात एक असायचीच. मी गोठ्याच्या भिंतीकडं बोट दाखवलं. आदल्या उन्हाळ्यात ती भिंत वाळवीनं पोखरली म्हणून पाडून नव्यानं बांधली होती.

“ही भिंत फोडली तेव्हा आत काय निघालं?”

“वाळवी. पार वरपातूर.”

“फोडली म्हणून वाळवी आली का?”

तिनं भिंतीकडं बघितलं. “न्हाई. आदीच हुती.”

“तानूबाईची भिंत फार उशिरा फोडली, आक्का.”

चंद्रीनं शेपटी माझ्या तोंडावर फटकारली. वच्छाक्का त्याही वेळी थोडीशी हसली, आणि मला वाटलं, जिंकलं. पण बाईमाणसाची मूठ अशी एका बोटानं उघडत नसते.

“न्ह्यायला पायजे, पटलं मला,” ती म्हणाली. “पर आत्ता न्हाई. वैशाखात आमच्या रूपीचं लगीन हाय. सोयरीक मोठ्या मुश्किलीनं जुळलीया. आत्ता भोभाटा झाला तर म्हंतील, आईला रोग हाय, लेकीला बी हुनार. लगीन होऊ द्या, मग म्हस कुठं बी न्या.”

“गाठ लग्नाच्या तिथीसाठी थांबून राहत नाही.”

“आनि मी गेले तर हिची धार कोन काढनार?” तिनं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. “धा वरसांत म्हायेरला सुदीक ऱ्हायला गेले न्हाई मी. कासंला दुसऱ्याचा हात लागला की ही दूध चोरती, बादली उलथती. दुधावर तर आमचं घर चालतंय.”

माहेरी न जाणारीची माहेरची म्हैस.

“निदान आप्पांना तरी सांगा,” मी म्हटलं. आप्पा म्हणजे तिचा नवरा. “नाहीतर उपकेंद्रातल्या आपल्या कुसुम सिस्टरला सांगा.”

“कुसुम माज्या जावंची मावसभन. सांजच्याला गावभर हुईल. आनि ह्यास्नी तर कळायच नगं. ते मनाला लावून घेत्यात. तुमास्नी चंद्रीच्या गळ्याची शपथ हाय, डॉक्टर. ह्या कानाचं त्या कानाला करू नगासा.”

तिनं माझा ओला हात धरून चंद्रीच्या गळ्यावर ठेवला. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शपथ मोडावी तर तिचा विश्वास जाणार, पाळावी तर ती जाणार. आप्पाकडं जाऊन पुन्हा म्हशीचंच आख्यान लावावं, त्याला उमगलं तर उमगलं, असं शेवटी मी ठरवलं. आशा फार नव्हती. आप्पा मगदूम म्हणजे घुमा माणूस. चावडीवर तासभर बसला तर ‘व्हय’ आणि ‘बगू’ एवढंच बोलायचा. अशा माणसाला आडून सांगायचं म्हणजे दगडावर धार काढायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेअरी उघडायच्या आधीच मी मगदुमांच्या गोठ्याशी गेलो. आत वच्छाक्का पाठमोरी धार काढत होती. डोक्यावरून हिरवं जुनेर घेतलेलं, मांड्यांत बादली. मी खाकरलो.

“हळू,” जुनेरातून आप्पाचा आवाज आला. “बुजंल.”

मी जागच्या जागी थांबलो. मिशाळ, दणकट आप्पा बायकोचं लुगडं डोक्यावरून पांघरून चंद्रीच्या कासेशी बसला होता. चंद्री मान वळवून वळवून जुनेर हुंगत होती. वास ओळखीचा, हात अनोळखी. तिला संशय होता, पण वासापुढं तिचा इलाज चालत नव्हता. बादलीत एक धार पडली, मग थांबली, मग पुन्हा पडली.

आमच्याकडं ही जुनी युक्ती आहे. घरची बाई बाळंतपणाला गेली, आजारी पडली, की गडी तिचं न धुतलेलं लुगडं पांघरून म्हशीला फसवतो. पण वच्छाक्का तर घरातच होती. मला हसू येत होतं, ते तिथंच विरलं.

“आप्पा, हे कशासाठी?”

“सवय लावायलोय.”

“आक्का कुठं जाणारेत का?”

आप्पानं धार काढायचं थांबवलं नाही. “ते तुमी सांगायचं,” तो म्हणाला. “त्या दिशी गोठ्यात लई येळ बोलत हुतासा, लांबनं बगिटलं मी. चंद्रीला तर काय झाल्यालं न्हाई.”

चंद्रीच्या गळ्याची शपथ, आणि चंद्री समोरच उभी.

“तुमी सांगू नगा. शपथ घातली असंल तिनं,” आप्पा म्हणाला. “उशाला हळद लागती. परड्यातली कोरफड निम्मी सरली. कड बदलताना कन्हती, मग माज्याकडं बगती मी जागा हाय काय म्हनून. मी घोरतो.”

“मग बोलला का नाही इतके दिवस?”

“ती झाकती. झाकल्यालं मी कसं उगडू? आनि बोलायला मला कुठं येतंय?” एवढं बोलल्याचंही त्याला नवल वाटलं असावं. तो थोडा वेळ नुसता सड ओढत राहिला. “म्हटलं, ती म्हनंल चंद्रीची धार कोन काढनार. दर बारीला तेच म्हनती. तर आदी ह्यीच सबब काढून टाकू. दोन-तीन दिस झालं, ती डेअरीला जायच्या आदी वैरनीला गेली की बसतोय. पैल्या दिशी लाथ घातली. आज पान्हवली.”

दारात काहीतरी पडलं. वच्छाक्का उभी होती आणि वैरणीचा भारा तिच्या पायाशी पडला होता. कधीची उभी होती कोण जाणे. नवऱ्याच्या डोक्यावर आपलं जुनेर, त्याच्या मांड्यांत बादली, बादलीत फेसाळलेलं दूध. ती आळीपाळीनं सगळ्याकडं बघत होती.

“ह्ये काय ध्यान?” ती कशीबशी म्हणाली.

“दूध काढायलोय,” आप्पा म्हणाला.

“मी मेलेय व्हय?”

“मरू नगंस म्हनूनच काढायलोय.”

आप्पानं जुनेर डोक्यावरून काढलं नाही. तसाच उठला, बादली जपून बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दुसरा कुणी बघता तर पोट धरून हसला असता.

“रूपीचं लगीन...” ती म्हणाली.

“सोयरीक मोडली तर दुसरी जुळवू. पोरीला आई दुसरी कुठनं आनू?”

वच्छाक्का खालीच बसली, वैरणीवर. तोंडात पदर कोंबून रडली. आप्पाला काय करावं सुचेना, तो चंद्रीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. मी बाहेर जाऊन मोटरसायकलशी उभा राहिलो. माझेही डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायची मला हौस नव्हती.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. तोंड धुतलेलं, कुंकू नीट केलेलं. आज किटली विसळत नव्हती, सरळ माझ्याकडं बघत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “माजी गाठ थंड हाय. दुखत न्हाई. गौरीच्या आदीपासनं हाय. कोल्लापुरात डॉक्टरला असंच सांगू न्हवं?”

“असंच सांगा, आक्का,” मी म्हटलं. “अगदी असंच.”

त्याच आठवड्यात ती दोघं एस.टी.नं गेली. गावात सांगितलं, लग्नाचा बस्ता बांधायला चाललोय. मग तो बस्ता काही केल्या संपेना. तुकडा तपासला, वाईटच निघाला. ऑपरेशन झालं, औषधं चालली, केस गेले. तळेवाडीत लोक म्हणायचे, मगदुमांनी कोल्हापूरचं सगळं कापड उचललंय वाटतं. इकडं रोज दोन्ही वेळेला रूपी नाहीतर आप्पा हिरवं जुनेर पांघरून चंद्रीखाली बसत. ते मळून काळं झालं तरी धुवायची सोय नव्हती. सोयऱ्यांना आप्पानं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. काय शब्दांत सांगितलं देव जाणे, पण त्या माणसांनी ऐकून घेतलं. वैशाखात लग्न झालं. वच्छाक्का डोक्यावरचा पदर घट्ट धरून मांडवात बसली होती आणि विहिणीनं तिला उठू दिलं नाही.

आता मी निवृत्त झालोय, तरी डेअरीवाले बायकांच्या वर्गाला मला बोलावतात. मी दगडी शिकवतो, लेप शिकवतो. वर्ग संपला की सगळ्या निघून जातात आणि कधीकधी एखादी मागं रेंगाळते. किटली विसळत असते, नाहीतर चपलेचा अंगठा शोधत असते. माझ्याकडं न बघता विचारते, “डॉक्टर, म्हायेरच्या एका म्हशीला गाठ झालीया. थंड हाय.”

मी म्हशीचं नाव विचारत नाही. मगदुमांच्या घराची वाट दाखवतो आणि म्हणतो, “आक्का घरातच असेल. तिला सांगा, तिच्या माहेरची म्हैस आलीय.”